स्ट्रीट ग्लाइडला जुन्या काळचं रूप द्यायचंय, कुठून सुरुवात करू?

वाटसरू_१०३

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१५ची हार्ले स्ट्रीट ग्लाइड स्पेशल आहे. १०३ घनइंचाचं इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), रंग पूर्ण काळा. गाडी फक्त लांबच्या प्रवासासाठी वापरतो. मी आणि बायको दोघं जातो, बॅगा भरलेल्या असतात. इंजिन, ब्रेक, बसायची बैठक, कशाबद्दलच तक्रार नाही.

खटकतं ते रूप. पुढची काच तोकडी आणि धुरकट, पुढचं चाक १९ इंची अलॉय, त्यावर पातळ टायर, मागची बाजू खाली बसलेली. उभी केली की जमिनीला चिकटून बसल्यासारखी दिसते. मला लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली टूरिंग गाडी वेगळी आहे: पांढऱ्या पट्ट्याचे टायर, स्पोकची चाकं, दोन रंगांची टाकी आणि तिच्यावर हाताने ओढलेली रेघ.

मी एक यादी केली आहे. फेअरिंग, म्हणजे पुढचं कवच, काढून टाकायचं आणि पन्नाशीच्या दशकातल्यासारखा गोल हेडलाइट न्यासेलमध्ये, म्हणजे फोर्कवरच्या धातूच्या खोळीत, बसवायचा. प्लास्टिकच्या बॅगा काढून झालरी लावलेल्या चामड्याच्या बॅगा. माशाच्या शेपटीसारखे सायलेन्सर. उंच हँडल. स्प्रिंगवाली एकटी सीट. दोन्ही चाकं स्पोकची, पांढऱ्या पट्ट्याचे टायर. जमेल तिथे क्रोम. शेवटी रंग.

गाडी पुढेही तितकीच लांब चालवायची आहे, ती शोभेची करायची नाही. यातलं काय करावं, काय करू नये, आणि क्रम काय ठेवावा? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

---

तेलकट_हात

वाटसरू, यादी थोडी बाजूला ठेवा आणि आधी एक साल ठरवा. तुमच्या यादीत दोन-तीन वेगवेगळे काळ दाटीवाटीने बसलेत आणि ते एकमेकांशी भांडणार.

हार्लेच्या मोठ्या गाड्यांचा क्रम बघा. हायड्रा-ग्लाइड १९४९ची, पुढे टेलिस्कोपिक फोर्क आला तो तिच्यावर. ड्युओ-ग्लाइड १९५८ची, मागे शॉकअप आले. इलेक्ट्रा-ग्लाइड १९६५ची, बटणावर सुरू होणारी. आणि बॅटविंग फेअरिंग, म्हणजे वटवाघळाच्या पंखांसारखं ते पुढचं कवच, आलं १९६९मध्ये. तुमच्या स्ट्रीट ग्लाइडचं तोंड थेट त्याच घराण्यातलं आहे. त्यामुळे तुमच्या गाडीचं साल ठरलेलंच आहे: १९६९. ते धरलंत तर गाडी तुमच्या बाजूने असेल. पन्नाशीचं दशक धरलंत तर प्रत्येक बोल्टला तिच्याशी झगडावं लागेल.

फेअरिंग काढायचं म्हणता, पण त्याच्या आत काय काय आहे ते एकदा बघा. स्पीडोमीटर, आरपीएमचा काटा, पेट्रोलचा काटा, स्क्रीन, स्पीकर, शिवाय अर्ध्या गाडीचं वायरिंग. रोड किंग या हार्लेच्याच दुसऱ्या गाडीचा स्पीडोमीटर टाकीवर असतो म्हणून ती फेअरिंगशिवाय जगते. तुमची जगणार नाही. न्यासेल बसवायची तर टाकीवरचा कन्सोल, मीटर आणि वायरिंग सगळंच बदलावं लागेल. एवढं करून हाती येईल ती रोड किंग. त्यापेक्षा सरळ रोड किंगच घेतलेली बरी.

आणि १९६९ हे काही दुय्यम साल नाही. कंपनीने स्वतः २०२१मध्ये इलेक्ट्रा ग्लाइड रिव्हायव्हल काढली ती याच सालाच्या आठवणीत. निळी टाकी, पांढरट फेअरिंग, पांढरट बॅगा, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, स्प्रिंगवर बसवलेली एकटी सीट. १९६९च्या मूळ गाडीची फेअरिंग आणि बॅगा फायबरग्लासच्या होत्या आणि पांढरा रंग त्या फायबरमध्येच मिसळलेला असे. टाकी कुठल्याही रंगाची असो, तोंड आणि बॅगा पांढऱ्या. रिव्हायव्हलचे फोटो काढून भिंतीला लावा आणि कुठल्याही भागाला हात लावण्याआधी त्याकडे बघा.

आता माझी पद्धत सांगतो. गाडी सपाट जागी सरळ उभी करा, बाजूने, दूरवरून, गुडघ्याच्या उंचीवरून फोटो काढा. मोबाइलमध्येच तो पूर्ण काळा करा, नुसती सावली उरेल इतका. मग १९६९च्या इलेक्ट्रा-ग्लाइडचा तसाच फोटो काळा करून शेजारी ठेवा. रंग आणि क्रोम दोन्ही निघून गेले की खरा फरक दिसतो. तुमच्या गाडीत तो चार ठिकाणी दिसेल: काच, मागची उंची, चाकं, सीट. या चार जागा जुळल्या तर काळ्या रंगातसुद्धा गाडी जुन्या घरची वाटते. नाही जुळल्या, तर पोतंभर क्रोम लावूनही ती सजवलेली नवी गाडीच राहते. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण पैसा आणि हौस बहुतेकांची क्रोमवरच संपते.

काचेपासून सुरुवात करा. पारदर्शक आणि उंच हवी. उंची ठरवताना तुमच्या बसायच्या पद्धतीवर ठरवा: सरळ बसून समोर पाहताना काचेची वरची कड नाकाच्या किंवा ओठांच्या रेषेत यावी, म्हणजे नजर काचेवरून जाते आणि वारा हेल्मेटच्या वरून. काचेतून बघत चालवायची वेळ आली तर रात्री पावसात रस्ता दिसत नाही. फेअरिंगच्या मधली ती हवेची झडप २०१४पासून आली, जुन्या गाडीला नव्हती. तरी ती बुजवू नका. तिच्यामुळे काचेमागची पोकळी भरते आणि डोक्याला बसणारे हिसके कमी होतात. फेअरिंगच्याच रंगात रंगवली की लपते.

एक मात्र लक्षात ठेवा, बॅटविंग फोर्कवर बसते, चौकटीवर नाही. तिच्यात जे काही वजन घालाल ते हँडलबरोबर वळतं, आणि काच जितकी मोठी तितका बाजूचा वारा हँडलपर्यंत पोचतो. म्हणून उंच काच लावल्यावर फेअरिंगमध्ये आणखी मोठे स्पीकर वगैरे घालू नका, आणि स्टीअरिंगचे बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्या.

मागची उंची. स्ट्रीट ग्लाइड मुळातच मागून खाली बसवलेली आहे. इलेक्ट्रा ग्लाइडच्या उंचीचे, म्हणजे सुमारे १३ इंची शॉकअप घातले की मागचा भाग उठतो आणि सावली एकदम बदलते. दोघं बसून बॅगा भरून जाणाऱ्यांना तर हा बदल रूपापेक्षा पाठीसाठी जास्त हवा. वळणावर फुटबोर्ड घासायचा तोही कमी घासेल. पाय जमिनीला पुरतात का हे मात्र आधी बघा.

दिवे. हेडलाइट सात इंची गोल आहे, तो तसाच राहू द्या. त्याच्या दोन्ही बाजूंना साडेचार इंचांचे पासिंग लॅम्प, म्हणजे जोडीचे जादा दिवे, आणि त्यांच्या खाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे इंडिकेटर, ही क्रोमची एक पट्टी लावलीत की समोरून येणाऱ्याला गाडीचं वय बदललेलं दिसतं. क्रोमवर खर्च करायचाच तर इथे करा. दिवे एलईडी घेतले तर काच स्वच्छ, खोबणी असलेली, आत पिवळट झाक देणारी बघा. निळसर पांढरा उजेड सगळं सोंग उघडं पाडतो. मागे १९५५ ते १९७२ पर्यंत चाललेला तो कबरीच्या दगडाच्या आकाराचा टेललाइट मिळाला तर उत्तम.

आता नको त्या गोष्टी. चामड्याच्या बॅगा नकोत. तुमच्या सालात कडक बॅगाच होत्या. चामडं पावसात भिजतं, भरल्यावर खाली ओघळतं, आणि आधाराची दांडी नसेल तर चाकाला किंवा सायलेन्सरला टेकतं. झालरी नकोत. उंच हँडल नको: ब्रेकची नळी, क्लचची नळी, थ्रॉटलची वायर सगळं लांबवावं लागतं, आणि दिवसभर हात खांद्याच्या वर धरून कोणी प्रवास करू नये. माशाच्या शेपटीचे सायलेन्सर आवडत असतील तर एक गोष्ट बघा, पाइपमधले ऑक्सिजन सेन्सर जागेवर राहतात का. ते हलले किंवा आतला अडथळा फार मोकळा झाला तर इंधनाचा हिशेब नव्याने बसवावा लागेल. आणि आवाज. लांबच्या प्रवासात मोठा आवाज माणसाला थकवतो, मागे बसणाऱ्याला जास्त.

क्रोमबद्दल एक शेवटचं, आणि हे सुरक्षेचं आहे. अॅक्सल, ब्रेकचे बोल्ट, स्प्रिंगा, स्पोक असे ताण सोसणारे कडक पोलादी भाग कुठल्याही प्लेटिंगवाल्याकडे क्रोमला देऊ नका. प्लेटिंगच्या आम्लात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. वरून चकाचक दिसतं आणि भर रस्त्यात तडकतं. प्लेटिंगनंतर ठरावीक तापमानाला भट्टीत ठेवून तो हायड्रोजन काढतात, पण तो काढला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. असे भाग स्टेनलेसचे किंवा कंपनीतूनच क्रोम होऊन आलेले घ्या.

काढलेला प्रत्येक मूळ भाग कापडात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवा. चाकांचं चाकवाल्यांनी सांगावं, रंगाचं रंगवाल्यांनी.

---

आउट_काढणारा

चाकांचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

आधी गणित. तुमचा पुढचा टायर १३०/६० १९, म्हणजे रुंदी १३० मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १९ इंची. बाहेरचा व्यास साधारण ६४ सेंमी. आता १३०/९० १६ घ्या: व्यास पुन्हा साधारण ६४ सेंमी. १८ इंचीला १३०/७०, १७ इंचीला १३०/८०, तिथेही तेच. म्हणजे चाक १६ इंची केलं तरी मडगार्डमधली जागा, गाडीची पुढची उंची आणि चाकाच्या फेऱ्या तशाच राहतात. बदलते ती रबराची भिंत. १९ इंचीला ती ७८ मिमी, १६ इंचीला ११७. पांढरा पट्टा काढायला ही भिंतच लागते. ७८ मिमीच्या भिंतीवर तो चिकटवलेल्या फितीसारखा दिसतो, ११७वर मोकळा श्वास घेतो. १९६९ला चाकं १६ इंचीच होती. मागे तुमचं १६ इंची आहेच, १८०/६५.

टायर घेताना बाजूवरचा भाराचा आकडा वाचा. तुमचा पुढचा मूळचा ६१ असेल, म्हणजे २५७ किलो. नवीन टायरचा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाता कामा नये. मागच्याचा ८१, म्हणजे ४६२ किलो. दोघं आणि भरलेल्या बॅगा असताना तिथे तडजोड नको.

साध्या स्पोकच्या रिमला निपलसाठी (स्पोक आवळायच्या नटासाठी) आरपार भोकं असतात, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबचा टायर पंक्चर झाला की हवा झटक्यात जाते, आणि जवळजवळ पावणेचारशे किलोच्या गाडीचं मागचं चाक रस्त्याकडेला काढणं म्हणजे दिव्य. तुम्ही लांब जाता, तर ट्यूबलेस चालणारी स्पोक चाकं घ्या: एकतर स्पोक रिमच्या बाहेरच्या कडेला अडकवलेले, नाहीतर कारखान्यातच सील केलेली रिम. घरी सिलिकॉन लावून सील केलेल्या रिमवर दोघांचा जीव ठेवू नका.

तुमच्या गाडीला एबीएस आहे. हार्लेच्या या गाड्यांत चाकाच्या वेगाची खूण बेअरिंगमध्येच असते, एका बाजूच्या. नवीन हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, तेच बेअरिंग, सेन्सर ज्या बाजूला त्याच बाजूला बसलं पाहिजे. उलट बसलं तर एबीएसचा दिवा विझणारच नाही. दुसरं, काही अलॉय चाकांत डिस्क हबला नसून थेट चाकाच्या दांड्यांना बोल्टने लावलेली असते. तुमची तशी असेल तर हबवर बसणाऱ्या वेगळ्या डिस्क घ्याव्या लागतील. चाकं मागवण्याआधी बघून घ्या. ब्रेकची नळी सोडायची गरज नाही, आणि सोडूही नका. एबीएसच्या युनिटमधली हवा काढायला निदानाचं यंत्र लागतं.

स्पोक स्टेनलेसचे घ्या. नवीन चाक थोडं चाललं की स्पोक बसतात आणि काही सैल होतात, तेव्हा एकदा आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घ्यायचाच. मधल्या काळात स्वतः तपासता येतं: गाडी उचलून चाक फिरवा आणि पाना प्रत्येक स्पोकला हलकेच टेकवत जा. सगळ्यांचा टणत्कार एकसारखा हवा. एखादा ‘ठप’ असा बद्द बोलला तर तो सैल आहे. त्याला एकट्याला आवळून मोकळं होऊ नका, समोरच्या बाजूचेही बघावे लागतात, नाहीतर रिम ओढली जाते.

पांढरा पट्टा टायरचाच असावा. वरून बसवायच्या रबरी रिंगा मिळतात, त्या वेगात फडफडतात आणि भिंतीला घासून कापतात. नवीन टायरच्या पट्ट्यावर निळसर थर असेल, तो रक्षणासाठी असतो. साबण-पाण्याने धुतला की जातो. पुढेही साबण आणि मऊ ब्रश, ब्लीच कधीच नाही.

---

वाटसरू_१०३

तेलकट दादा, आउट भाऊ, मनापासून आभार. काळ्या सावलीचा प्रयोग आजच केला आणि सांगितलेल्या चारही जागा पहिल्याच नजरेत दिसल्या. फेअरिंग राहणार, साल १९६९ पक्कं. टाकी निळी, तोंड आणि बॅगा पांढऱ्या.

दोन प्रश्न उरले. सगळे भाग काळे आहेत, त्यावर पांढरा रंग धरेल का? आणि सीट. स्प्रिंगवाली एकटी सीट मनात फार भरली आहे, पण आम्ही दोघं असतो.

---

रेघ_ओढे

टाक्या रंगवणं आणि रेघा ओढणं यातच आयुष्य चाललंय, म्हणून लिहिते.

काळ्यावर पांढरा धरतो, पण थेट मारायचा नाही. सरळ पांढरा मारलात तर कडांवर आणि वळणांवर काळेपणा डोकावतो, मग माणूस थरावर थर देत बसतो आणि रंग जाड होऊन कोपऱ्यांवर टवके उडतात. मूळ रंग बारीक पॉलिश पेपरने घासून मंद करायचा, त्यावर फिक्या राखाडी किंवा पांढऱ्या प्रायमरचा एकसारखा थर, मग पांढरा. तुमच्या फेअरिंग आणि बॅगा आज प्लास्टिकच्या आहेत. घासताना जिथे उघडं प्लास्टिक लागेल तिथे आधी प्लास्टिकचा पकड देणारा थर हवा, नाहीतर तिथलाच रंग सालीसारखा सुटतो. बिजागऱ्या, कुलपं, रबर सगळं काढून रंगवा. कागद चिकटवून आजूबाजूने मारलेला रंग कडेला उचलतो.

पांढरा म्हणजे शुभ्र नाही. शुभ्र पांढरा उन्हात निळा मारतो आणि फ्रिजच्या दारासारखा दिसतो. किंचित दुधी, उबदार पांढरा घ्या. नमुन्याचा पत्रा रंगवून उन्हात, सावलीत आणि संध्याकाळी टाकीच्या निळ्याशेजारी धरून बघा. मी हे केल्याशिवाय रंग मिसळायला घेतच नाही.

आता रेघ. दोन रंगांची हद्द जिथे येते तिथे ती ओढायची, सुमारे तीन मिमी. चिकटपट्टी लावून मारलेली रेघ दोन्ही कडांना पायरी सोडते, बोट फिरवलं की कळते. हाताची रेघ मध्ये किंचित फुगीर असते आणि वळणावर कणभर जाड-बारीक होते, त्यामुळे ती जिवंत दिसते. तिचा ब्रश तलवारीसारखा असतो, दांडी आखूड, खारीच्या शेपटीचे लांब केस. रंग डबीतून थेट उचलत नाहीत. गुळगुळीत कागदावर ब्रश पुढेमागे ओढत राहायचं, केसांच्या मुळापर्यंत रंग भिनेपर्यंत आणि ओढ एकसारखी लागेपर्यंत. मग करंगळी टाकीच्या कडेवर टेकवायची आणि तीच वाट दाखवते. बोटं हलत नाहीत, सगळा हात आणि त्याबरोबर अंग सरकतं. नजर ब्रशच्या टोकावर नसते, रेघ जिथे जायची तिथे असते. ब्रशचे केस लांब असतात ते याचसाठी, की टाकीची अख्खी कड एका ओढीत व्हावी. मध्ये थांबलात तर सांधा दिसतो.

तुम्हाला स्वतः ओढायची असेल तर काचेच्या तुकड्यावर सराव करा, पुसलं की पुन्हा कोरं. रेघेवर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारणार असाल तर इनॅमलमध्ये हार्डनर मिसळलाय ना हे आधी विचारा, नाहीतर क्लिअरखाली रेघ सुरकुतते. मी स्वतः टाकीवर क्लिअर आधी करते आणि रेघ वर ओढते. हाताला जाणवते, आणि वर्षांनी पुन्हा ओढायची झाली तर टाकी उघडावी लागत नाही.

---

मागची_सीट

सीटबद्दल मी बोलते, कारण नवऱ्याच्या मागे बसून मीच सगळे लांबचे प्रवास केलेत.

वाटसरू, एकटी स्प्रिंगवाली सीट सुंदर दिसते, पण मागे वेगळी गादी जोडली तर पुढचा माणूस खड्ड्यात वरखाली होतो आणि मागची जागेवर राहते. त्याची पाठ माझ्या हेल्मेटवर येते. तासाभरानंतर धरायला काही उरत नाही. मूळ सीटचाच सांगाडा ठेवा, फोम चांगल्या घनतेचा भरून घ्या आणि वरचं कव्हर जुन्या धाटणीचं शिवून घ्या: आडव्या फुगीर पट्ट्या, कडेला पांढरी पायपिंग. चामड्यापेक्षा चांगलं रेक्झिन घ्या, पावसात चालतं. शिवणीच्या भोकांतून पाणी फोममध्ये जातं, म्हणून बसायच्या मधल्या भागात शिवण कमीत कमी असू दे आणि फोमवर पातळ प्लास्टिकचा पडदा घालायला सांगा. आणि वहिनींना दुकानात बरोबर न्या, बसवून बघा.

---

तेलकट_हात

मागच्या सीटवाल्या ताईंचं शंभर टक्के खरं. वाटसरू, एकटी सीट हवीच असेल तर दुसरी म्हणून घ्या, एकटे जाल त्या दिवसापुरती. या गाडीची सीट मागच्या एका स्क्रूवर सुटते, बदलायला वेळ लागत नाही.

क्रम विचारला होतात. आधी शॉकअप आणि काच. ते लावून एक लांब फेरी मारा, उंची आणि वारा जमतोय का बघा. मग चाकं. चाकांसाठी गाडी उचलाल तेव्हाच ब्रेक पॅड आणि मागचा बेल्ट बघून घ्या. त्यानंतर सीट आणि दिव्यांची पट्टी. पट्टीचे सगळे ब्रॅकेट बसवून, वायरिंग ओढून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काही ओढलं जात नाही ना हे तपासा. मगच सगळं पुन्हा उतरवून रंगाला द्या. रंग झाल्यावर भोक पाडायची वेळ येता कामा नये; रंगवलेल्या प्लास्टिकमध्ये ड्रिल घातलं की भोकाच्या कडेने रंगाला तडे जातात.

रंगाला भाग जातील तेव्हा बॅगांच्या कड्या आणि झाकणाची रबरं नवी मागवून ठेवा. आणि रेघ_ओढे ताईंनी सांगितलेला नमुन्याचा पत्रा तयार झाला की त्याचा उन्हातला फोटो इथे टाका, निळा किती गडद घ्यायचा ते सगळे मिळून बघू.